बेस्ट थीसिसचा फॉर्म कसा भरायचा: बडोद्यातल्या नव्या पीएचडीवाल्यांसाठी

परवा सेवउसळीच्या गाड्यावर एक ज्युनिअर भेटली. म्हणाली, ताई, आमच्याकडे बेस्ट रिसर्च स्कॉलरची नोटीस लागलीय पण मी काही भरत नाहीये, माझ्यात तसलं काही नाही. म्हटलं पेपर किती झाले तुझे, तर म्हणे तीन. कॉन्फरन्स? चार. मग भरतंय कोण? तर तर्रीत पाव बुडवत म्हणाली, कोणीच नाही वाटतं, शेवटची तारीख शुक्रवारी आहे.

हे मी दरवर्षी बघते. मी स्वतः दोनदा फॉर्म भरलाय, एकदा हुकला तो माझ्याच गाढवपणाने आणि एकदा मिळाला, आणि आता थोडी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून दुसऱ्यांचे फॉर्म वाचतेय. पलीकडे बसल्यावर कळतं की हुशार पोरं सगळीकडेच आहेत पण ज्याचे कागद जागेवर आहेत असा एखादाच निघतो, आणि पुरस्कार बहुतेकदा त्याच्याकडे जातो. त्यामुळे खाली जे लिहितेय ते "हुशार कसं व्हावं" नाहीये, ते तुमचं तुम्ही बघा. कागद कसे लावायचे एवढंच.

आधी शब्दाचा घोळ मिटवा

आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी झालेला माणूस. अमेरिकेत ग्रॅज्युएट स्टुडंट म्हणजे आपला पीजी आणि पीएचडीवाला, बीएवाल्याला ते अंडरग्रॅज्युएट म्हणतात. आता आपल्याकडच्याही काही नोटिसांमध्ये तो अमेरिकन अर्थ आलाय. एक पोरगा तीन दिवस खपून फॉर्म भरून घेऊन आला, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा, कारण वर "ग्रॅज्युएट ॲवॉर्ड" लिहिलेलं. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. तर नोटीस आली की पहिल्यांदा कोणासाठी आहे ते वाचा, मग रक्कम वाचा. आपण उलटं करतो.

साधारण प्रकार असे असतात. एक म्हणजे गोल्ड मेडल, ते मार्कांवर असतं, फॉर्म बहुतेकदा भरावाच लागत नाही, परीक्षा विभाग यादी काढतो आणि पदवीदानाच्या दिवशी नाव पुकारतात. ही मेडल्स बऱ्याचदा कोणीतरी आईवडिलांच्या किंवा गुरूंच्या नावाने पैसे ठेवून सुरू केलेली असतात त्यामुळे प्रत्येकाची अट वेगळी, कुठे पहिल्याच प्रयत्नात पास पाहिजे, कुठे ठरावीक विषयात पहिला पाहिजे, कुठे फक्त मुलींसाठी. मेडल आतून कशाचं आहे हे सोनाराला दाखवायला जाऊ नका, तो आनंद तसाच राहू द्या.

दुसरा प्रकार थीसिसचा पुरस्कार, म्हणजे त्या वर्षात पदवी मिळालेल्यांपैकी कोणाचा प्रबंध चांगला. तिसरा चालू रिसर्च स्कॉलरसाठी, पेपर आणि काम बघून. चौथा शिकवण्यासाठी, म्हणजे पीएचडी करता करता जे खालच्या वर्गांचे प्रॅक्टिकल घेतात त्यांच्यासाठी, हा परदेशी युनिव्हर्सिट्यांमध्ये मोठा मान असतो, आपल्याकडे कमीच दिसतो. पाचवा पोस्टर, भाषण, तीन मिनिटांत थीसिस वगैरे. मार्कांचा सोडला तर बाकी सगळ्यांना फॉर्म लागतो आणि इथून पुढचं सगळं त्यांच्यासाठीच आहे.

अटी वाचा म्हणजे खरंच वाचा

बडोद्यात राहून हे वेगळं सांगायला नको खरंतर. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या सरकारने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि त्यासोबत करार होता की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. ते १९१७ मध्ये आले सुद्धा, पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, आणि ते बडोदा सोडून गेले. कमाटीबागेतल्या संकल्पभूमीपाशी, म्हणजे त्यांच्या स्मारकापाशी कधी थांबलात तर ते आठवतंच. आणि एवढं सगळं होऊनही ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये छापून आला तेव्हा अर्पण केलाय सयाजीरावांना, शिक्षणाला मदत केली म्हणून. पैसे देणाऱ्याचं नाव कुठे आणि कसं घ्यायचं हा प्रश्न जुनाच आहे, आज फेलोशिपवाले आभारात अमुक ओळ छापायला सांगतात ना, ती विसरू नका, छाननीत कोणीतरी शोधतंच.

आता अटींमध्ये काय काय बघायचं. सगळ्यात जास्त लोक पडतात ते तारखेवर. "या वर्षातला प्रबंध" म्हणजे कोणती तारीख धरायची? सबमिट केल्याची, व्हायव्हाची म्हणजे तोंडी परीक्षेची, पदवी जाहीर करणाऱ्या नोटिफिकेशनची की पदवीदानाची? या चार तारखांमध्ये आरामात दीड वर्ष जातं. आणि वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर की जून ते मे? नोटिसीत लिहिलेलं नसेल तर विचारा, आणि तोंडी विचारू नका, मेल करा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

माझा गाढवपणा इथलाच. पहिल्यांदा एका बाहेरच्या पुरस्काराला मी व्हायव्हाची तारीख धरून फॉर्म भरला, त्यांना नोटिफिकेशनची पाहिजे होती, ती पुढच्या वर्षात गेलेली. म्हणजे मी त्या वर्षी पात्रच नव्हते. बरं, पुढच्या वर्षी होते, पण मला वाटलं एकदा नाकारलं म्हणजे संपलं, म्हणून पुढच्या वर्षी भरलाच नाही! नाकारायचं कारण पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं, मी पहिली ओळ वाचून पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. दोन वर्षांनी ड्रॉवर आवरताना सापडलं.

दुसरं, वय. काही पुरस्कारांना वयाची अट असते आणि ती कोणत्या तारखेला मोजायची ते लिहिलेलं असतं. तिसरं, आधी दुसरीकडे पुरस्कार मिळाला असेल तर चालतं का. चौथं, फॉर्म तुम्ही भरायचा की डिपार्टमेंटने नाव पाठवायचं. हे चौथं महत्त्वाचं कारण डिपार्टमेंटने पाठवायचं असेल तर तुमची खरी शेवटची तारीख नोटिसीतल्या तारखेच्या दोन आठवडे आधी असते, हेड मॅडम सुट्टीवर गेल्या की सही कोण करणार?

नाव. हो, तुमचं स्वतःचं नाव

हा भाग बाहेरच्या गाईडबुकात नसतो पण आपल्या लोकांना हाच नडतो. गुजरातच्या मार्कशीटवर बऱ्याचदा आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पेपरवर गाईडने नुसती आद्याक्षरं टाकलेली. त्यात आपली मराठी आडनावं इंग्रजीत लिहिताना कोणी एक ए जास्त घालतो कोणी कमी, डिपार्टमेंटमधल्या गुजराती क्लार्कने त्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. आणि मुलींचं तर विचारूच नका, पीएचडीच्या मधे लग्न झालं की पहिले दोन पेपर माहेरच्या नावाने, तिसरा सासरच्या, प्रबंध दोन्ही नावं जोडून. छाननीला बसलेल्या माणसाला ही एकच बाई आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि तो शोधत बसत नाही.

त्यामुळे रजिस्ट्रेशनच्या पहिल्या महिन्यात दोन गोष्टी करा. मार्कशीटवर जे स्पेलिंग आहे तेच पेपरवर टाकायचं ठरवा आणि गाईडना सांगून ठेवा. आणि ऑर्किड आयडी काढा, १६ अंकी नंबर असतो, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम, नाव बदललं तरी नंबर तोच राहतो आणि तुमचे सगळे पेपर त्याला जोडलेले दिसतात. माझ्या वेळी मला हे कोणी सांगितलं नाही, नावाचं ॲफिडेव्हिट करायला वकिलाकडे खेपा घालाव्या लागल्या.

फाइल पहिल्या दिवसापासून

पुरस्काराची नोटीस लागते तेव्हा हातात पंधरा दिवस असतात, कधी दहा. त्यात तीन वर्षांची सर्टिफिकिटं शोधणं म्हणजे डोक्याला ताप. त्यामुळे एक साधी बॉक्स फाइल घ्या, रावपुऱ्यात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळते, आणि तसंच एक फोल्डर ड्राइव्हवर. फाइलमध्ये काय: रजिस्ट्रेशनचं पत्र, कोर्सवर्कची मार्कशीट, फेलोशिपची ऑर्डर, प्रत्येक कॉन्फरन्सचं सर्टिफिकिट, पेपर स्वीकारल्याची मेल प्रिंट करून, सहामाही प्रगती अहवालांच्या सही झालेल्या कॉप्या. शेवटची गोष्ट सगळे विसरतात.

आणि एक वही. किंवा एक्सेल शीट, जे झेपेल ते. महिन्यातून एकदा चार ओळी: काय केलं, कुठे बोललो, कोणाला शिकवलं, काय फसलं. "किती विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकलला मदत केली" असा रकाना फॉर्मवर आला की सगळे अंदाजाने आकडा टाकतात, "सुमारे १००" वगैरे. वहीवाला लिहितो की दोन सेमिस्टर, आठवड्याला दोन बॅचेस, विषय अमुक. वाचणाऱ्याला फरक लगेच कळतो.

गाईडला विचारायचं कसं

यात लोक फार लाजतात. आपल्यात तर स्वतःचं कौतुक स्वतः कसं सांगायचं, बरं दिसत नाही, सर काय म्हणतील. माझ्या गाईड गुजराती होत्या, मी तीन दिवस केबिनबाहेर घुटमळतेय बघून शेवटी त्यांनीच विचारलं काय आहे, सांगितल्यावर म्हणाल्या, "भरी नाख ने, शुं जाय छे?" झालं. तीन दिवसांची धाकधूक सहा शब्दांत संपली.

सरळ विचारा. पण चालता चालता कॉरिडॉरमध्ये नको आणि शेवटच्या दिवशी नको, कमीत कमी तीन आठवडे आधी. सोबत एक पान घेऊन जा: पुरस्काराचं नाव, अट, शेवटची तारीख, आणि तुमच्या कामातले चार पाच मुद्दे तारखांसकट.

आता खरी गंमत. पुष्कळ गाईड म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. हे बरोबर नाही पण होतं, दोघांनाही माहीत असतं. माझं मत असं की पूर्ण पत्र लिहून देऊ नका. एक तर ते तुमच्याच फॉर्मच्या भाषेत येतं, तेच शब्द, तीच वाक्यं, आणि आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो हो! दुसरं म्हणजे तुम्ही स्वतःबद्दल "अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि होतकरू" असंच लिहिणार. गाईडला तुमच्याबद्दल जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नसतं. मी वाचलेलं सगळ्यात चांगलं पत्र अर्ध्या पानाचं होतं, त्यात लिहिलेलं की या मुलाने दुसऱ्या वर्षी स्वतःच्याच निकालात चूक शोधली, तयार झालेला पेपर परत घ्यायला लावला आणि सहा महिने पुन्हा प्रयोग केले. तो मुलगा स्वतः हे कधीच लिहिणार नव्हता, त्याला ती लाजिरवाणी गोष्ट वाटत होती. म्हणून मुद्दे द्या, पत्र त्यांना लिहू द्या, आणि दर पाच दिवसांनी हळूच आठवण करा.

ते एक पान

फॉर्ममध्ये कामाचा सारांश मागतात, ३०० शब्द, कधी ५००. पुरस्कार इथे मिळतो किंवा जातो. कारण कमिटीत तुमच्या विषयाचा जेमतेम एक माणूस असतो, बाकी कोणी इतिहासाचा, कोणी कॉमर्सचा, कोणी सिव्हिल इंजिनिअरिंगचा. आणि पोरं सारांश लिहितात आपल्या गाईडसाठी.

माझाच नमुना देते. माझं काम कापड रंगवायच्या रंगांवर होतं, अझो रंग म्हणतात त्यांना, ते बॅक्टेरियाकडून तोडून घ्यायचे. पहिल्या फॉर्मवर मी इंग्रजीत जे लिहिलं होतं ते मराठीत साधारण असं होईल: "प्रस्तुत संशोधनात अझो वर्गातील कृत्रिम रंगद्रव्यांच्या सूक्ष्मजैविक विघटनाचा सर्वंकष व सखोल अभ्यास करण्यात आला असून सदर अभ्यास पर्यावरणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वपूर्ण आहे." वाचलंत? काय कळलं? काही नाही. मी केलं काय, सापडलं काय, यातलं एक अक्षर त्यात नाही.

दुसऱ्या वेळी आमच्या दांडिया बाजारच्या घरी आजीला सांगत बसले होते, ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, रंग गेला म्हणजे पाणी चांगलं झालं ना? आणि मी म्हटलं, नाही ना आजी, तिथेच तर फसतात सगळे. तेच मग फॉर्मवर गेलं: "कापड रंगवल्यावर उरलेल्या पाण्याचा रंग बॅक्टेरिया घालवू शकतात. पण रंगाचा रेणू तुटतो तेव्हा त्यातून अमाइन नावाची द्रव्यं मागे राहतात, ती दिसत नाहीत आणि त्यातली काही घातक असतात. म्हणजे पाणी स्वच्छ दिसतं, असतंच असं नाही. रंग तोडताना हवा नको असते आणि ही उरलेली द्रव्यं संपवायला हवा लागते. एकाच टाकीत आधी हवा बंद आणि मग चालू ठेवली तर बॅक्टेरियांचं तेच मिश्रण दोन्ही कामं करतं का, हे मी तपासलं. तीनपैकी दोन रंगांना करतं. तिसऱ्याला करत नाही, आणि का नाही याचा अर्धा भागच मला कळलाय."

मैत्रीण म्हणाली शेवटची ओळ काढ, वेडी आहेस का. मी ठेवली. इंटरव्ह्यूत सगळे प्रश्न त्या तिसऱ्या रंगावरच आले आणि तेच मला सगळ्यात चांगलं येत होतं, दीड वर्ष त्याच्यातच डोकं घातलेलं ना!

तर कृती अशी. फॉर्म इंग्रजीत असला तरी आधी मराठीत लिहा, आईला आजीला शेजारच्या काकांना जसं सांगाल तसं, बोलून रेकॉर्ड केलंत तर अजून बरं. त्यांनी जिथे प्रश्न विचारला ती जागा पकडा. मग इंग्रजीत करा. "सर्वंकष", "नावीन्यपूर्ण", "अत्यंत महत्त्वपूर्ण" याला जो इंग्रजी शब्द येईल तो खोडा, सगळे खोडा. कला शाखेवाल्यांनाही हेच लागू आहे, मोडी कागदांवर काम करत असाल तर "बडोदा संस्थानाच्या दप्तराचा चिकित्सक अभ्यास" असं नका लिहू, कुठल्या पेठेतल्या कोणत्या वर्षांच्या कोणत्या प्रकारच्या कागदात काय सापडलं जे आधी कोणी बोललं नव्हतं ते लिहा.

पेपरची यादी, थोडक्यात

यादी लांब करायच्या नादात वाटेल तिथे पैसे देऊन छापलेले पेपर घालू नका. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे आता यादीत आहे की नाही एवढं बघून भागत नाही, जर्नल कसं आहे ते तुम्हाला आणि गाईडलाच तपासावं लागतं. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, पेपर तपासून यायला किती दिवस लागतात, तीन दिवसांत स्वीकारला तर समजून जा. २०२२ च्या यूजीसीच्या नियमांनी प्रबंध जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशभरची सक्ती काढली, तरी पुरस्काराला पेपर बघतातच, त्यात भ्रमात राहू नका, आणि तुमच्या युनिव्हर्सिटीचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात.

पाच जणांच्या पेपरात तुमचा वाटा काय ते लिहा. क्रेडिट नावाची १४ भूमिकांची एक यादी आहे, कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, आकडेमोड कोणी, पहिला मसुदा कोणी, असं, बरीच जर्नल्स ती वापरतात, तीच भाषा वापरा म्हणजे वाद होत नाही. आणि साम्य तपासणीचा, म्हणजे तुमचं लिखाण दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतं त्याचा, रिपोर्ट जोडा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत सुधारून द्यावं लागतं, त्याच्या वर गेलं की शिक्षा. तुमचा प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढलाय का तेही बघून घ्या, ती साइट आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटवाल्यांचीच आहे, लिंक टाकली की कमिटीला एका क्लिकवर सगळं दिसतं.

तीन मिनिटं

कुठे प्रेझेंटेशन असतं. तीन मिनिटांत थीसिस ही स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये सुरू केली, आता जगभर चालते. एकच स्लाइड, तीही हलणारी नको, हातात वस्तू नको, १८० सेकंद. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा तर नऊ तास लागतील, तेच तीन मिनिटांत. आपल्याकडच्या इंटरव्ह्यूलाही हीच तयारी कामी येते कारण पहिला प्रश्न नेहमी "तुमच्या कामाबद्दल थोडक्यात सांगा" हाच असतो आणि लोक पंधरा मिनिटं थांबत नाहीत, अध्यक्षांचा चहा गार होतो.

सराव घड्याळ लावून. पहिली वीस सेकंदं पाठ, बाकी पाठ नको. आणि आपल्या विषयाच्या बाहेरच्या माणसासमोर करा, लॅबमधले सगळे नुसती मान हलवतात.

लिहून सांगायचं असेल तर केंद्र सरकारच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये अवसर नावाची स्पर्धा काढली होती, पीएचडीवाल्यांनी आपल्या संशोधनावर सोप्या भाषेत गोष्टीसारखा लेख लिहायचा, पहिलं बक्षीस एक लाख. असलं काही निघालं की वर सांगितलेलं एक पान घेऊन बसा, अर्धं काम झालेलं असतं.

जमा करताना

इथे घाईत चुका होतात म्हणून जरा सावकाश वाचा. ऑनलाइन असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरायला बसू नका, साइट त्याच दिवशी बसते. स्कॅन मोबाइलने केलं तरी चालतं पण पान सरळ पाहिजे आणि बोटाची सावली नको. फाइलींना नाव द्या, "स्कॅन ००४७" नको, आपलं नाव आणि कागदाचं नाव.

कागदी असेल तर दोन सेट करा. एक द्यायचा, दुसऱ्याच्या पहिल्या पानावर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्यायचा. क्लार्क म्हणेल, ठेवून जा बेन, होऊन जाईल. गोड हसायचं आणि उभं राहायचं. एका ठिकाणी माझा फॉर्म चक्क दुसऱ्याच टेबलावर पडून राहिला होता, शिक्क्याची कॉपी होती म्हणून सापडला, नाहीतर मी भरलाच नाही असं झालं असतं.

डिपार्टमेंटमधून फॉरवर्ड व्हायचा असेल तर फाइल कुठल्या टेबलावर आहे ते दोन दिवसांनी जाऊन बघा. याला मागे लागणं म्हणत नाहीत, ऑफिसात सगळे असंच करतात.

निकाल लागल्यावर

नाही मिळाला तर पत्र पूर्ण वाचा, माझ्यासारखं ड्रॉवरमध्ये टाकू नका. कारण लिहिलेलं नसेल तर नम्रपणे विचारा, उत्तर येतंच असं नाही पण कधी कधी येतं आणि मग पुढच्या वर्षीची अर्धी तयारी झाली. पुढच्या वर्षी पात्र असाल तर परत भरा, परत भरणाऱ्याला कोणी हसत नाही, उलट आम्ही मागच्या वर्षीपेक्षा काय वाढलं ते बघतो. आपल्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून १९७१ मध्ये फिजिक्समध्ये बीएस्सी झालेले वेंकटरामन रामकृष्णन अमेरिकेत फिजिक्सची पीएचडी करून झाल्यावर पुन्हा विद्यार्थी म्हणून बायोलॉजी शिकायला बसले होते, नोबेल मिळालं २००९ मध्ये आणि ते केमिस्ट्रीचं! असो, तो आपल्या फॉर्मचा विषय नाही.

मिळाला तर गाईडला आणि ज्यांनी पत्र दिलं त्यांना सगळ्यात आधी सांगा, स्टेटस नंतर. पुरस्कार कोणाच्या स्मरणार्थ असेल तर त्या घरच्यांना दोन ओळींचं पत्र लिहा, मराठी घर असेल तर मराठीत. मी लिहिलं होतं, महिन्याभराने उत्तर आलं, थरथरत्या अक्षरात पोस्टकार्डावर, की इतक्या वर्षांत कोणी लिहिलं नव्हतं. ते पोस्टकार्ड फाइलमध्ये आहे, सर्टिफिकिटाच्या मागच्या प्लास्टिकमध्ये.

त्या ज्युनिअरने शुक्रवारी फॉर्म दिला शेवटी, साडेचारला, पाचला ऑफिस बंद होतं. शिक्क्याचा फोटो पाठवला मला. तारीख बरोबर आहे, आवक नंबरही आहे, फक्त आडनावात एक ए कमी पडलाय, सोमवारी सकाळी जाऊन तो नीट करून घे म्हटलंय.